जायफळ किती घालावं, कधी घालावं आणि कडू का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: पुरणात जायफळाची पूड घातली, तरी पोळीला वास म्हणून लागला नाही. म्हणून पुढच्या वेळी त्याच डबीतली पूड श्रीखंडात जरा सढळ हातानं घातली, तर दुसऱ्या दिवशी श्रीखंड कडवट, औषधासारखं लागलं. तर आख्खं जायफळ घ्यावं की पूड, किती घालावं, नेमकं कधी घालावं, आणि जायफळानं गुंगी येते म्हणतात त्यात तथ्य किती?

दोन्ही वेळा चूक एकच झाली आहे. जायफळाचा वास आधी उडून जातो आणि कडवटपणा मागे राहतो. पुरणात तो वास आचेनं उडाला. डबीतल्या पुडीतला वास नुसता पडून पडून उडाला होता, म्हणून चमचा वाढवला आणि श्रीखंडात गेला तो उरलेला कडवटपणा. निवडणं, किसणं, प्रमाण, वेळ, साठवण यांबद्दल पुढे जे सांगितलं आहे, ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

एक जायफळ अडकित्त्यानं मधोमध कापून बघा. आत फिकट पिवळसर गर दिसतो आणि त्यात तपकिरी शिरांची नागमोडी जाळी. सुगंधी तेल मुख्यतः त्या तपकिरी शिरांत असतं, फिकट भागात स्टार्च आणि चरबी. वजनाच्या साधारण ५ ते १५ टक्के उडून जाणारं सुगंधी तेल आणि २५ ते ४० टक्के थिजणारी चरबी, असा हा ऐवज आहे. सुगंधी तेलातली सॅबिनीन, पाइनीन ही हलकी द्रव्यं म्हणजे ताज्या किसलेल्या जायफळाचा तो पहिला झणका. ती सर्वांत आधी निसटतात. मायरिस्टिसिनसारखी जड द्रव्यं आणि तुरट अंश बराच काळ टिकून राहतात. आणि ती चरबी? मिक्सरमध्ये आख्खं जायफळ टाकलं की पात्याला चिकट लगदा का बसतो, याचं उत्तर ती.

विकत घेताना

जायफळ दोन रूपांत मिळतं: कठीण, चकचकीत काळपट कवचासकट, किंवा कवच काढलेलं सुरकुतलेलं तपकिरी. कवचासकट घेतलंत तर ते कानाशी हलवा. आतलं बी खुळखुळलं पाहिजे, कारण नीट वाळलेलं बी आक्रसून कवचापासून सुटतं. आवाज आला नाही तर ते ओलसर आहे आणि पुढेमागे बुरशी धरणार. कवच काढलेल्या जायफळाला ही परीक्षा लागू नाही. ते हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड वाटलं पाहिजे. हलकं, फुसकं निघालं तर आत किडीनं पोखरलेलं असण्याचा संभव मोठा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यातून झडणारी भुकटी दिसली तर दुकानदाराला सरळ परत करा. भोकं नसलेल्या जायफळात नख किंवा सुई दाबून बघावी. तिथे तेलाची चमक आली आणि लगेच वास सुटला, तर माल चांगला.

पृष्ठभागावर पांढरट पूड असेल तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. किडीपासून राखण्यासाठी जायफळं चुन्यात घोळण्याची रीत जुनी आहे. तो चुना कोरड्या फडक्यानं पुसला की जातो आणि खाली गुळगुळीत तपकिरी साल दिसते. बुरशी असेल तर ती सुरकुत्यांत, देठाच्या टोकाशी हिरवट-करड्या ठिपक्यांनी बसलेली असते आणि वास कोंदट येतो. असं जायफळ वरवर खरवडून वापरू नये. ओलाव्यात राहिलेल्या जायफळात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होऊ शकतं आणि ते शिजवून जात नाही.

आकार गोलसर, लहान अंड्यासारखा हवा. बारीक, लांबुळकं जायफळ दिसलं तर ते दुसऱ्या जातीचं असतं आणि वासाला कमी. तीच गोष्ट जायपत्रीची, म्हणजे जायफळाच्या बीवरच्या वाळलेल्या जाळीची. सह्याद्रीत आणि पश्चिम किनाऱ्याच्या रानात जायफळाचा एक रानटी भाऊबंद आहे. त्याच्या बीवरची जाळी म्हणजे रामपत्री. ती गडद लालसर-काळपट, लांब धाग्यांची आणि जवळजवळ बिनवासाची असते. मसाल्याला दाटपणा येण्यासाठी ती मुद्दाम घालणारे आहेत, त्यात गैर काही नाही. फक्त जायपत्रीच्या भावानं ती घेऊ नका. (या कुळातल्या झाडांचं दलदलीतलं एक दुर्मीळ जंगल दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला आहे. त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.)

आपल्याकडचं जायफळ बहुतेक केरळचं असतं. कोकणातही नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून ते चांगलं येतं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत. थेट बागेतून घेत असाल तर एकच गोष्ट विचारा: माल कशावर वाळवला? फळं बरीचशी ऐन पावसात तयार होतात, त्यामुळे ऊन मिळत नाही. धुरीवर किंवा ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वाळवलेलं चालतं. मात्र भडक आचेवर घाईनं वाळवलेल्या जायफळातली चरबी वितळून बाहेर येते, बी तेलकट दिसतं आणि वास मार खातो.

पूड करण्याच्या तीन रीती

तयार पूड घेऊच नये, हे माझं ठाम मत. आख्खं जायफळ घट्ट झाकणाच्या डबीत दोन-तीन वर्षं सहज टिकतं. पूड महिनाभरात उतरायला लागते आणि चार-सहा महिन्यांनी तिच्यात तपकिरी रंग आणि कडवटपणा यांपलीकडे फारसं काही उरत नाही.

पहिली रीत किसणीची. सर्वांत बारीक भोकांची किसणी घ्या. पहिल्यांदा किसताना वरची साल थोडी खरवडून टाका, कारण सुगंध तिच्यात नसतो आणि धूळ, चुना तिच्यावरच असतो. जायफळ आडवं न धरता उभं, टोकाकडून किसा. म्हणजे शिरा आडव्या कापल्या जातात आणि किसात तेल व गर सारखे उतरतात. हा किस हलका, फुललेला असतो. त्यामुळे चमचाभर ताजा किस आणि चमचाभर बारीक पूड यांचं वजन सारखं भरत नाही. खाली दिलेली मापं सपाट भरलेल्या बारीक पुडीची आहेत. ताजा किस असेल तर तेवढ्याच जागी जवळजवळ दीडपट लागतो.

दुसरी रीत सहाणेची. श्रीखंड, पियूष, थंड दूध अशा शिजवायच्या नसलेल्या पदार्थांना हिच्याइतकी चांगली रीत नाही. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून जायफळ गोल फिरवत उगाळायचं. तयार होणाऱ्या गंधात रवाळ कण नसतात, त्यामुळे पदार्थात तपकिरी ठिपके दिसत नाहीत आणि चव सगळीकडे सारखी पसरते. पाण्यापेक्षा दूध बरं, कारण जायफळाचं तेल स्निग्धांशात विरघळतं, पाण्यात तरंगतं. चंदनाची सहाण वापरू नका. तिचा वास जायफळ सोडत नाही.

तिसरी रीत मोठ्या प्रमाणासाठी, म्हणजे सणाला पाच-दहा किलोचं काम असेल तेव्हा. जायफळाचे अडकित्त्यानं किंवा बत्त्यानं हरभऱ्याएवढे तुकडे करा. एका जायफळाला दोन मोठे चमचे साखर या हिशेबानं साखर घालून मिक्सर थांबत-थांबत, पाच-पाच सेकंद फिरवा. साखर चरबी शोषून घेते, पातं अडत नाही आणि भांडं तापत नाही. एकदम मिनिटभर फिरवलंत तर पातं तापतं, चरबी सुटते आणि झाकण उघडताच जो घमघमाट येतो तो पदार्थात जायला हवा होता, एवढं लक्षात ठेवा. गुळाच्या पदार्थातही ही साखरेची पूड चालते, एवढ्याशा साखरेनं काही बिघडत नाही.

माप

मध्यम जायफळ साधारण ५ ग्रॅमचं असतं. चहाचा चमचा सपाट भरला तर पूड सुमारे २ ग्रॅम, पाव चमचा म्हणजे अर्धा ग्रॅम, दोन बोटांची चिमूट म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. ‘एक जायफळ घालावे’ असं एखाद्या जुन्या पाककृतीत वाचलं तर आधी ती किती माणसांची आहे ते बघा. तो हिशेब बहुधा पंगतीचा असतो.

गरम, गोड आणि जड पदार्थाला तयार मालाच्या किलोमागे पाऊण ते एक ग्रॅम, थंड पदार्थाला त्याच्या निम्मं, आणि दुधाच्या पेयाला लिटरमागे पाव ग्रॅम. एवढं लक्षात ठेवलं तर बहुतेक पाककृतींचं माप स्वतः ठरवता येतं.

पुरणाचं सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. अर्धा किलो हरभराडाळ आणि अर्धा किलो गूळ यांना पाव जायफळ, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास पूड पुरे. बरोबर एक ते दीड चमचा वेलदोड्याची पूड. डाळ शिजवून कट काढला, गूळ घालून पुरण शिजवलं, झारा किंवा चमचा उभा राहू लागला की गॅस बंद करा. आता पाच मिनिटं थांबा. मग चमचाभर साजूक तुपात जायफळाची पूड कालवून ती पुरणात घाला, नीट ढवळा आणि पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. यंत्रातून जाताना जायफळ सगळीकडे सारखं मिसळतं. पुरण वाटून झाल्यावर वरून पूड भुरभुरवली तर एका पोळीत घास भरून जायफळ आणि दुसरीत काहीच नाही, असं होतं. आणि गूळ शिजत असतानाच पूड घातली, तर त्या पंधरा-वीस मिनिटांच्या रटरटण्यात वाफेबरोबर वास स्वयंपाकघरभर पसरतो. शेजाऱ्यांना कळतं पुरण शिजतंय, पोळीला कळत नाही! पोळी तव्यावर भाजली जाते तेव्हा पुरण कणकेच्या आत बंद असतं आणि वेळही थोडा असतो, त्यामुळे तिथे फारसं नुकसान होत नाही.

कटाच्या आमटीला दाटपणा यावा म्हणून तिच्यात पुरण घालत असाल तर ते मूठभर पुरण जायफळ घालण्याआधी बाजूला काढून ठेवा. चिंच, गोडा मसाला आणि जायफळ यांचं जमत नाही. आमटीला उगाच मिठाईचा वास येतो.

गुळाच्या पोळीला अर्धा किलो किसलेल्या गुळामागे अर्धा चमचा. इथे गूळ शिजवायचा नसतो, भाजलेलं बेसन-तीळ गार झाल्यावर त्यातच पूड मिसळावी. थोडी सुंठ घातली तर जायफळ कमी करा, दोघांचा तिखटपणा एकमेकांवर चढतो. उकडीच्या मोदकांच्या सारणात (दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ) दोन चिमटी पुरतात, तीही सारण उतरवल्यावर. मोदक वाफवायचे असल्यानं चिमूटभर जास्त घालावं असं वाटतं, पण नको. वाफेत उकड घट्ट मिटलेली असते.

श्रीखंडात उलट आहे. तिथे काहीच तापत नाही, त्यामुळे घातलेलं सगळं राहतं. वर चक्क्यातला स्निग्धांश जायफळातलं तेल हळूहळू ओढून घेतो, म्हणून घातल्याबरोबर चाखलं तर कमी वाटतं आणि सहा-आठ तासांनी पूर्ण चव उतरते. एक किलो चक्का आणि ८०० ग्रॅम साखरेला ताज्या जायफळाची अर्धा चमचा पूड ही वरची मर्यादा. सहाणेवरचं गंध असेल तर अंदाजानं २५-३० वेढे द्यावे, मात्र सहाण किती खरखरीत आहे यावर ते ठरतं, म्हणून पहिल्या वेळी निम्मे देऊन रात्रभर थांबा. जायफळ साखरेत आधी मिसळून मग चक्क्यात घाला. थेट चक्क्यात टाकलं तर गुठळी राहते. केशर घालणार असाल तर जायफळ चिमटीवर आणा, केशराचा वास जायफळापुढे टिकत नाही. आम्रखंडात तर जायफळ नकोच. हापूसच्या जोडीला वेलदोडासुद्धा जपून घालावा.

बासुंदी दोन लिटर दुधाची आटवून लिटरभर झाली की गॅस बंद करून, हाताला सोसेल इतकी निवल्यावर पाव चमचा. कोजागिरीच्या दुधाला लिटरमागे चमच्याचा आठवा हिस्सा. मसाला करून ठेवायचा असेल तर १०० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम पिस्ते, १० ग्रॅम वेलदोड्याचे दाणे, पाव जायफळ आणि केशर. एका कपाला दोन चमचे घ्यावे. तो महिनाभरात संपवा, कारण सुक्या मेव्याचं तेल खवट होतं आणि ती खवट चव जायफळाच्या नावावर खपते.

खरवस करताना अनेकांची तक्रार असते की जायफळ सगळं वर येऊन तपकिरी थर धरतो. हलके कण चीक घट्ट होण्याआधी तरंगतात, त्यामुळे थोडा थर येणारच. कमी करायचा असेल तर पूड गुळात खलून मग चिकात विरघळवा, गाळून घ्या आणि राहिलेली चिमूट वरून मुद्दाम भुरभुरवा. लिटरभर मिश्रणाला पाव चमचा.

आणि कॉफी. मराठी घरांतली जायफळाची कॉफी पुष्कळदा कडू होते, कारण जायफळ दूध-पाण्याबरोबर उकळलं जातं. दूध, साखर, कॉफी नेहमीसारखी करा. रिकाम्या कपात जायफळ किसणीवर तीन-चार वेळा फिरवून घ्या आणि वरून गरम कॉफी ओता. एवढंच. तळाशी गाळ बसतो, शेवटचा घोट सोडून द्यावा.

तिखटात

मालवणी किंवा कांदा-लसूण मसाल्यात जायफळ मागे राहून काम करतं. किलोभर मिरच्यांना दोन जायफळं आणि १० ते १५ ग्रॅम जायपत्री. इथे मात्र किसायचं नाही. जायफळ बत्त्यानं फोडून बारीक तुकडे करा आणि बाकी सगळा गरम मसाला भाजून झाल्यावर, गॅस बंद केलेल्या तापलेल्या कढईत अर्धा मिनिट परता. आख्खं जायफळ तेलात तळू नये: बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. डंकावर द्यायच्या मसाल्यातही ते फोडूनच द्या. आख्खं दिलेलं जायफळ मुसळाखालून निसटत राहतं आणि चाळणीवर तुकडे उरतात, म्हणजे पैसे तुमचे आणि जायफळ गिरणीवाल्याचं.

गोव्याच्या शागोतीत खसखस, बडीशेप, खोबरं असा भाजलेला मसाला वाटताना शेवटी किसलेलं जायफळ घालतात. किलोभर कोंबडीला पाव चमचा. भाजलेल्या खोबऱ्याच्या तेलामुळे ते छान धरून राहतं. बिर्याणीला किलोभर मटणामागे पाव चमचा पूड, थर लावताना, आणि जायपत्रीच्या दोन पाकळ्या सुरुवातीच्या तुपात. मटणाच्या चरबीला जायफळ मानवतं. माशाच्या कालवणात मात्र त्याला जागा नाही, तिथे त्रिफळ आहे.

परदेशी पद्धतीच्या पदार्थांत जायफळ गोडापेक्षा खारटात जास्त दिसतं. पांढऱ्या सॉसला (अर्धा लिटर दूध, ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा) शेवटी चिमूटभर किसलं की मैद्याची कच्ची चव झाकली जाते. डच लोक उकडलेल्या फ्लॉवरवर आणि फरसबीवर ते सर्रास किसतात. कुचकरलेल्या बटाट्यात, पालकाच्या सूपमध्येही तेच. पालकात एक चिमूट घालून बघाच, पालकाची मातकट चव मावळते. गोव्याच्या बेबिंकमध्ये नारळाचं दूध आणि अंड्याच्या बलकांचा वास सांभाळायचं काम जायफळच करतं. दहा बलकांच्या बेबिंकला अर्धा चमचा. थर ओव्हनमध्ये एकेक करून भाजले जातात, त्यामुळे इथे माप थोडं चढं लागतं.

डच लोकांना ही सवय कुठून लागली, हे सांगायला हवं. जायफळाचं मूळ घर इंडोनेशियातली चिमुकली बांदा बेटं. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीनं तिथल्या लोकांची कत्तल करून आणि उरलेल्यांना हुसकावून या व्यापाराची मक्तेदारी बळकावली. त्यातलं रन हे बेट इंग्रजांच्या दाव्याखाली होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ते डचांकडे राहिलं आणि इंग्रजांकडे आजच्या न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन राहिलं. पुढे इंग्रजांनी रोपं इतरत्र नेली, आणि आज ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळाचं चित्र आहे.

जायपत्री आणि फळाचा गर

जायफळाचं फळ पिकून उकललं की काळ्या कवचाभोवती लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. वाळल्यावर ती केशरी-पिवळी होते. तिचा वास जायफळाच्याच घराण्यातला, पण हलका, फुलांकडे झुकणारा आणि कडवटपणा कमी. पदार्थाचा रंग जपायचा असेल किंवा मसाला आख्खा घालून नंतर काढायचा असेल, तर जायपत्री सोयीची. गरम तुपात तिला २० सेकंदांहून जास्त ठेवू नका, पातळ असल्यानं ती चटकन करपते. पुडीच्या रूपात जायफळाऐवजी तेवढीच जायपत्री चालते, पण पुरणपोळीत तिला तो भरदारपणा येत नाही. त्रयोदशगुणी विड्यात जायफळ आणि जायपत्री दोन्ही वेगवेगळी मोजली जातात, ती उगीच नाही.

झाड तुमच्या परसात असेल तर फळाचा जाड गर फेकू नका. तो आंबट-तुरट असतो आणि त्यालाही जायफळाचा मंद वास असतो. अडचण दोन गोष्टींची: कापल्याबरोबर काळा पडतो आणि तुरटपणा जिभेला घट्ट धरतो. म्हणून स्टीलच्या सुरीनं साल काढा (लोखंडी विळी नको, काळेपणा वाढतो), पातळ कापा आणि फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाका. लिटरभर पाण्याला ६० ते ७० ग्रॅम मीठ. रात्रभर ठेवून सकाळी पाणी ओतून द्या, फोडी धुऊन फडक्यावर कोरड्या करा. मग कैरीसारखं लोणचं घाला, किंवा फोडींच्या वजनाइतक्या साखरेत मंद आचेवर मुरवा. पहिलं खारं पाणी वाया जातंय असं वाटून तेच लोणच्यात वापरलंत, तर तुरटपणा परत तुमच्याच ताटात येईल.

गुंगीबद्दल

यात तथ्य आहे, पण मापाचं आहे. जायफळातली मायरिस्टिसिन आणि एलेमिसिन ही द्रव्यं जास्त प्रमाणात पोटात गेली तर विषबाधा होते. मोठ्या माणसानं एका वेळी ५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ आख्खं जायफळ खाल्लं, तर काही तासांनी मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड, घबराट, भास अशी लक्षणं दिसू शकतात आणि ती दिवसभरही राहतात. उशिरा लक्षणं दिसत असल्यानं ‘काही झालं नाही’ म्हणून आणखी खाणं हा त्यातला खरा धोका. स्वयंपाकातलं प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. अर्धा किलो डाळीच्या २५ पोळ्या झाल्या तर एका पोळीत ग्रॅमचा विसावा भाग येतो. पुरणपोळीनंतर येणारी झोप तुपाची आणि दुपारची आहे!

बाळगुटीत जायफळाचा एखादा वेढा देण्याची जुनी रीत आहे. बाळ झोपावं म्हणून ते वेढे वाढवणं मात्र धोक्याचं. तान्ह्या बाळाच्या वजनाला थोडं प्रमाणही मोठं ठरतं. सहा महिन्यांपर्यंत दुधाखेरीज काही देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. गरोदरपणात पदार्थातली चिमूट वेगळी आणि औषध म्हणून जायफळ खाणं वेगळं. दुसरं करू नये.

साठवण, आणि बिघडलेल्या श्रीखंडाचं

किसून उरलेलं जायफळ उघडं ठेवू नका. कापलेल्या तोंडातून तेल उडतं. लहान काचेच्या बाटलीत, गॅसपासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही, उलट आत-बाहेर करताना दमटपणा धरतो. वेलदोड्याच्या डबीत टाकून ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत असते. त्यानं वेलदोड्याला जायफळाचा वास लागतो आणि मग चहा बिघडतो.

पदार्थात जायफळ जास्त झालं तर साखर, गूळ किंवा वेलदोडा वाढवून कडवटपणा झाकला जात नाही. औषधी वास आणखी उठून दिसतो. थांबूनही उपयोग नाही, श्रीखंडात तर तो चढतच जातो. उपाय एकच: जायफळ न घातलेला तोच पदार्थ त्यात मिसळायचा. तुमचं श्रीखंड अर्धा किलो असेल तर आधी पाव किलो साधा चक्का आणि त्याला लागणारी साखर घोटून मिसळा, चार तास ठेवून चाखा, तरी लागलं तर आणखी पाव किलो. चक्का हाताशी नसेल तर त्याच श्रीखंडाचं ताज्या गोड ताकात पियूष करा. एका वाटी श्रीखंडाला दोन-अडीच वाट्या ताक आणि चवीपुरती साखर घेतली की जायफळ बरोबर मापात येतं. आणि ती डबीतली पूड कशात वापरावी असं विचाराल, तर कशातच नको.